स्टॅट्स अपडेट झाले, पण कशावरून?

या वेळच्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरतात: ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग, यालाच प्लॅनरही म्हणतात) ज्या आकडेवारीवर, म्हणजे स्टॅट्सवर, क्वेरीचा प्लॅन ठरवतो, ती खरोखर ताजी झाली की नाही हे तपासायचं कसं? म्हणून यंदाचं सदर त्यालाच दिलं आहे. कमांड आणि कॉलमची नावं उच्चाराप्रमाणे छापली आहेत; खालची रेघ दिसेल तिथे अंडरस्कोअर समजावा.

प्रश्न: आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसवर रोज रात्री ॲनालाइझचा (टेबलचे स्टॅट्स नव्याने गोळा करणाऱ्या कमांडचा) जॉब चालतो. लॉगमध्ये जॉब यशस्वी दिसतो. तरी सकाळची रिपोर्टची क्वेरी नेस्टेड लूपमध्ये (एका टेबलच्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या टेबलात पुन्हा शोधण्याच्या पद्धतीत) अडकते आणि तासभर चालते. हाताने ॲनालाइझ दिलं की तीच क्वेरी काही सेकंदांत संपते. मग रात्री नेमकं काय होतं?

हाताने दिलेल्या ॲनालाइझने फरक पडतो, म्हणजे रात्रीचं ॲनालाइझ त्या टेबलापर्यंत पोचतच नसावं, किंवा ते झाल्यानंतर टेबलात मोठा लोड होत असावा. जॉब यशस्वी झाला याचा अर्थ कमांड चालली एवढाच.

आधी पहिली शक्यता. ॲनालाइझ देणारा यूझर टेबलचा मालक नसेल, तर पोस्टग्रेस एरर देत नाही. एक वॉर्निंग टाकतो, ते टेबल वगळतो आणि पुढच्याकडे वळतो. एक्झिट कोड शून्यच येतो, त्यामुळे शेड्युलर हिरवा दिवा दाखवतो. जॉबचा आउटपुट फेकून न देता फाइलमध्ये साठवा आणि त्यात 'स्किपिंग' हा शब्द शोधा. यूझर मालक नसेल तर मालकाच्याच नावाने जॉब चालवा; १७ व्या आवृत्तीपासून त्यासाठी मेन्टेन हा वेगळा अधिकारही देता येतो. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे जॉब भलत्याच डेटाबेसला जोडलेला असतो. ॲनालाइझ फक्त चालू डेटाबेसपुरतं असतं, सगळ्या सर्व्हरचं नाही.

आता प्रत्यक्ष पडताळणी. पीजी_स्टॅट_यूझर_टेबल्स या व्ह्यूमध्ये त्या टेबलची ओळ काढा. चार कॉलम बघायचे: लास्ट_ॲनालाइझ (हाताने किंवा जॉबने), लास्ट_ऑटोॲनालाइझ (ऑटोव्हॅक्यूमने, म्हणजे पोस्टग्रेसच्या आपोआप चालणाऱ्या देखभालीने), एन_लाइव्ह_टप (जिवंत ओळींचा अंदाज) आणि एन_मॉड_सिन्स_ॲनालाइझ. शेवटचा सगळ्यात कामाचा. मागच्या ॲनालाइझनंतर किती ओळी घातल्या, बदलल्या किंवा काढल्या, ते तो सांगतो. पूर्ण टेबलचं ॲनालाइझ झालं की तो शून्यावर येतो. सकाळी क्वेरीच्या आधी तारीख रात्री २ ची आणि हा आकडा काही लाखांत दिसला, तर जॉब बिचारा बरोबर चालला होता. डेटा त्याच्यानंतर आला. मग ॲनालाइझ लोडच्या शेवटी हलवा, घड्याळाला बांधून ठेवू नका.

तारखेवर मात्र एकटीवर भरवसा नको. जॉबमध्ये कोणी ॲनालाइझच्या पुढे टेबलचं नाव आणि कंसात एकच कॉलम लिहिला असेल, तर लास्ट_ॲनालाइझची तारीख पुढे सरकते, पण बाकीच्या कॉलमचे स्टॅट्स जुनेच राहतात. अशा वेळी एन_मॉड_सिन्स_ॲनालाइझ शून्यावर येत नाही. तारीख ताजी आणि हा आकडा मोठा, अशी जोडी दिसली की जॉबची कमांड उघडून वाचा.

उलटही होतं. तारीख रिकामी दिसते, पण स्टॅट्स जागेवर असतात. हा व्ह्यू मोजदादीची नोंद दाखवतो. ऑप्टिमायझर वापरतो ते स्टॅट्स पीजी_स्टॅटिस्टिक या कॅटलॉगमध्ये असतात. सर्व्हर अचानक बंद पडला किंवा कोणी पीजी_स्टॅट_रिसेट चालवलं की मोजदाद पुसली जाते, कॅटलॉगला धक्का लागत नाही. रीड रेप्लिकावरही (प्रायमरी म्हणजे मुख्य सर्व्हरच्या, फक्त वाचण्यासाठीच्या प्रतीवर) तेच: स्टॅट्स प्रायमरीवरून येतात, ॲनालाइझची तारीख येत नाही. रेप्लिकावर रिकामी तारीख बघून घाबरू नका, ती प्रायमरीवर बघा.

म्हणून तिसरी पायरी: पीजी_स्टॅट्स हा व्ह्यू उघडून आतला मजकूर वाचा. समजा क्वेरी 'ऑर्डर_दिनांक आजचा किंवा पुढचा' अशी अट लावते. त्या कॉलमचं हिस्टोग्राम_बाउंड्स (किमती कशा पसरल्या आहेत ते दाखवणाऱ्या गटांच्या सीमा) काढा आणि शेवटची किंमत बघा. ती चार दिवसांपूर्वीची असेल, तर ऑप्टिमायझरच्या लेखी आजच्या ऑर्डर जवळपास नाहीतच. कॉलमवर इंडेक्स असेल तर प्लॅनर खरी कमाल किंमत इंडेक्समधून डोकावून बघतो आणि थोडं सावरून घेतो. इंडेक्स नसेल तर २० लाख ओळींच्या टेबलात त्याचा अंदाज साधारण २०० ओळींच्या आसपास अडकतो. मग एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये (क्वेरी चालवून अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) डाव्या कंसात 'रोज=२००' (इथे रोज म्हणजे इंग्रजी rows, ओळी) आणि उजव्या कंसात 'ॲक्च्युअल … रोज=६१०००' असं दिसतं. २०० ओळींसाठी नेस्टेड लूप योग्यच होता. ६१,००० साठी त्याने तास घेतला. तुमच्या क्वेरीचं दुखणं बहुधा हेच आहे.

हे आकडे वाचताना दोन पथ्यं. प्रत्यक्ष ओळींचा आकडा दर फेरीमागे असतो, त्यामुळे शेजारच्या लूप्सच्या आकड्याने गुणून मगच एकूण काढा. आणि 'पूर्ण टेबलच्या ओळींचा अंदाज तर बरोबर आहे, म्हणजे स्टॅट्स ताजे' असा निष्कर्ष काढू नका. प्लॅनर टेबलची आत्ताची पानं (डिस्कवर डेटा साठवण्याचे ठरावीक आकाराचे तुकडे) मोजतो आणि जुन्या घनतेने, म्हणजे दर पानामागच्या ओळींनी, गुणतो. एकूण आकडा त्यामुळे जवळपास बरोबर येतो, आतलं हिस्टोग्राम महिन्याभराचं शिळं असलं तरी. साधं व्हॅक्यूमही (मेलेल्या ओळी साफ करणारी कमांड) ओळींचा एकूण अंदाज अद्ययावत करतं, कॉलमच्या स्टॅट्सना हात लावत नाही.

ऑटोव्हॅक्यूम हे सगळं का सांभाळत नाही, असं पुढे विचाराल. त्याचा उंबरठा मूळ सेटिंगमध्ये ५० ओळी अधिक टेबलच्या १० टक्के असा आहे. १ कोटी ओळींच्या टेबलात १० लाख ५० बदल होईपर्यंत तो हलत नाही, आणि रोज ६० हजार ओळी येणाऱ्या टेबलात तोवर दोन आठवडे उलटतात. अशा टेबलापुरतं ऑटोव्हॅक्यूम_ॲनालाइझ_स्केल_फॅक्टर ०.०१ किंवा त्याहून कमी करा. सगळ्या सर्व्हरसाठी तो खाली आणायची गरज नसते. पार्टिशन केलेल्या (तुकड्यांत विभागलेल्या) टेबलात आणखी एक मेख आहे: ऑटोव्हॅक्यूम एकेक पार्टिशन बघतो, मूळ टेबलकडे ढुंकूनही पाहत नाही. मूळ टेबलवर ॲनालाइझ तुम्हालाच द्यावं लागतं.

प्रश्न: पोस्टग्रेसमध्येच, ॲनालाइझ आत्ताच दिलं, एन_मॉड_सिन्स_ॲनालाइझ शून्य आहे, तरी अंदाज शंभर पटीने चुकतो. हे कसं?

ताजे आणि पुरेसे यांत फरक आहे. ॲनालाइझ सगळं टेबल वाचत नाही. डीफॉल्ट_स्टॅटिस्टिक्स_टार्गेट १०० असताना नमुना ३०० गुणिले १००, म्हणजे ३०,००० ओळींचा. ॲनालाइझ व्हर्बोस द्या. किती पानांपैकी किती वाचली आणि नमुन्यात किती ओळी आल्या ते तिथे छापून येतं. कोट्यवधी ओळींत हा नमुना वेगळ्या किमतींची संख्या बऱ्याचदा कमी मोजतो. पीजी_स्टॅट्समधलं एन_डिस्टिंक्ट बघा (ऋण आकडा म्हणजे एकूण ओळींशी प्रमाण, -१ म्हणजे सगळ्या किमती वेगळ्या) आणि खऱ्या काउंट डिस्टिंक्टशी ताडून बघा. मोठी तफावत असेल तर त्या कॉलमचं स्टॅटिस्टिक्स टार्गेट ५०० किंवा १००० करा. कमाल मर्यादा १०,००० आहे, पण तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. टार्गेट बदलल्यावर पुन्हा ॲनालाइझ द्यायला विसरू नका. तोवर काहीही बदलत नाही, आणि लोक इथेच हमखास चुकतात.

दोन कॉलम एकमेकांवर अवलंबून असतील, जसं शहर आणि पिनकोड, तर प्लॅनर दोन्ही अटींची टक्केवारी सरळ गुणतो आणि अंदाज फार लहान येतो. त्यावर उपाय क्रिएट स्टॅटिस्टिक्सचा, १० व्या आवृत्तीपासून उपलब्ध. तेही पुढच्या ॲनालाइझनंतरच भरतं. भरलं की नाही ते पीजी_स्टॅट्स_एक्स्ट या व्ह्यूमध्ये दिसतं.

प्रश्न: एसक्यूएल सर्व्हरमध्ये ऑटो अपडेट स्टॅटिस्टिक्स चालू आहे. तरी एका टेबलच्या काही स्टॅट्सची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची दिसते. काही बिघडलं आहे का?

तारखेवरून एवढ्यात ठरवता येणार नाही. एसक्यूएल सर्व्हर ठरलेल्या वेळी स्टॅट्स अपडेट करत नाही. एखादी क्वेरी कंपाइल होताना तिला ते स्टॅट्स लागले आणि बदलांची संख्या उंबरठ्यापलीकडे गेली असेल, तरच तो अपडेट करतो. तीन आठवड्यांत कोणी त्या कॉलमवर अटच लावली नसेल, तर जुनी तारीख अगदी स्वाभाविक आहे.

स्टॅट्स_डेट फंक्शनऐवजी सिस.डीएम_डीबी_स्टॅट्स_प्रॉपर्टीज वापरा. त्यात लास्ट_अपडेटेडसोबत रोज, रोज_सॅम्पल्ड, स्टेप्स आणि मॉडिफिकेशन_काउंटर (झालेल्या बदलांची संख्या) एका ओळीत मिळतात. सिस.स्टॅट्सशी जोडा, म्हणजे टेबलवरचे सगळे स्टॅट्स दिसतील: इंडेक्सचे, आणि सर्व्हरने स्वतः बनवलेले, ज्यांची नावं अंडरस्कोअर डब्ल्यूए_सिसने सुरू होतात.

काउंटर शून्य असेल तर विषय संपला. आकडा असेल तर उंबरठ्याशी ताडा. २०१६ या आवृत्तीपासून, कम्पॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेस कोणत्या आवृत्तीसारखा वागतो ते ठरवणारं सेटिंग) १३० किंवा वर असेल तर, दोन सूत्रांपैकी लहान उत्तर लागू होतं: ५०० अधिक २० टक्के, किंवा १००० गुणिले ओळी या गुणाकाराचं वर्गमूळ. १ कोटी ओळींना हा उंबरठा १ लाख बदलांचा होतो. जुन्या लेव्हलवर तोच २० लाख ५०० होता. सर्व्हर नवा पण डेटाबेसची लेव्हल ११० वर राहून गेलेली, हे फार ठिकाणी सापडतं. आधी ते तपासा. काउंटर उंबरठ्यापार गेला, क्वेरीही रोज चालते, तरी तारीख हलत नाही, असं असेल तर सिस.स्टॅट्समध्ये नो_रीकम्प्यूट १ आहे का बघा. कधीकाळी कोणी नोरीकम्प्यूट लावून अपडेट दिलेलं असतं आणि ते तसंच चिकटून राहतं. नोरीकम्प्यूट न लावता पुन्हा अपडेट स्टॅटिस्टिक्स दिलं की खूण निघते.

रोज_सॅम्पल्डकडे (नमुन्यात वाचलेल्या ओळींकडे) दुर्लक्ष नको. इंडेक्स रीबिल्ड केला की त्याचे स्टॅट्स पूर्ण टेबल वाचून तयार होतात. रीऑर्गनाइझने स्टॅट्स अजिबात अपडेट होत नाहीत. आता मेंटेनन्सचा जॉब रीबिल्डनंतर एसपी_अपडेटस्टॅट्स चालवत असेल आणि मधल्या वेळेत एक जरी ओळ बदलली असेल, तर पूर्ण वाचनाचे उत्तम स्टॅट्स जाऊन त्यांच्या जागी छोट्या नमुन्याचे येतात. तारीख अधिक ताजी, दर्जा खालावलेला. रीबिल्डनंतर फक्त कॉलम स्टॅट्स घ्यायचे असतील तर अपडेट स्टॅटिस्टिक्समध्ये फुलस्कॅनबरोबर कॉलम्स हा पर्याय द्या.

असिंक (क्वेरीला न थांबवता मागच्या बाजूला होणारं) अपडेट चालू असेल तर अपडेटला कारण ठरलेली क्वेरी स्वतः जुन्याच स्टॅट्सवर चालते. त्या पहिल्या क्वेरीवरून निष्कर्ष काढू नका.

प्रश्न: ओरॅकलमध्ये लास्ट_ॲनालाइझ्ड आजचं दिसतं, पण प्लॅन कालचाच. स्टॅट्स लागू झाले नाहीत का?

बहुतेक वेळा स्टॅट्स लागू झालेले असतात, प्लॅन मात्र शेअर्ड पूलमधला (तयार प्लॅन साठवणाऱ्या मेमरीतला) जुना चालू असतो. डीबीएमएस_स्टॅट्सचं नो_इनव्हॅलिडेट मूळ सेटिंगमध्ये ऑटोवर असतं. म्हणजे जुने कर्सर (साठवलेले प्लॅन) लगेच बाद होत नाहीत; एकदम सगळ्यांचं हार्ड पार्स (प्लॅन पुन्हा पहिल्यापासून बनवणं) होऊन सर्व्हर दमू नये म्हणून ते थोडे थोडे करून बाद होतात, आणि त्याची मूळ मुदत १८,००० सेकंद म्हणजे ५ तास आहे. गॅदर (स्टॅट्स गोळा करणं) सकाळी ९ ला झालं आणि तुम्ही १० ला बघताय, तर जुना प्लॅन दिसणं शक्य आहे. व्ही$एसक्यूएलमध्ये त्या क्वेरीचा लास्ट_लोड_टाइम बघा. तो गॅदरच्या आधीचा असेल तर प्रश्न सुटला. घाई असेल तर नो_इनव्हॅलिडेट फॉल्स देऊन पुन्हा गॅदर करा, पण गर्दीच्या वेळी नको. (पोस्टग्रेसमध्ये हे सोपं आहे: ॲनालाइझ झालं की त्या टेबलवरच्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटचं प्लॅनिंग पुढच्या वापरावेळी नव्याने होतं.)

लोड टाइम नवा आणि तरी प्लॅन जुना, तर त्या क्वेरीवर प्लॅन बेसलाइन आहे का ते बघा. मंजूर झालेला जुना प्लॅन टिकवून धरणं, बेसलाइनचं कामच ते आहे.

गॅदर केलं, एरर नाही, पण लास्ट_ॲनालाइझ्ड हललंच नाही, अशी उलटी तक्रार असेल तर दोन जागा बघा. टेबलचा पब्लिश पर्याय फॉल्स असेल तर नवे स्टॅट्स यूझर_टॅब_पेंडिंग_स्टॅट्समध्ये थांबलेले असतात. किंवा स्टॅटटाइप_लॉक्ड कॉलममध्ये 'ऑल' असेल तर ते टेबल लॉक आहे. एकट्या टेबलवर गॅदर दिलं तर ओआरए-२०००५ एरर येते, पण पूर्ण स्कीमावर दिलं तर लॉक असलेली टेबलं गुपचूप वगळली जातात.

स्टेल_स्टॅट्स या कॉलममध्ये 'येस' किंवा 'नो' येतं. मूळ उंबरठा १० टक्के बदलांचा. बदलांची मोजणी आधी मेमरीत होते, त्यामुळे तपासण्याआधी फ्लश_डेटाबेस_मॉनिटरिंग_इन्फो ही प्रोसिजर चालवा, म्हणजे यूझर_टॅब_मॉडिफिकेशन्समधला आकडा खरा मिळेल. आणि नव्या स्टॅट्सने क्वेरी बिघडलीच, तर जुने ३१ दिवस साठवलेले असतात. रिस्टोर_टेबल_स्टॅट्सने परत आणता येतात.

प्रश्न: मायएसक्यूएल ८.० मध्ये टेबलमधल्या निम्म्या ओळी काढल्या. इन्फर्मेशन स्कीमात टेबल_रोज अजून जुनाच आकडा दाखवतं. स्टॅट्स अपडेट झालेच नाहीत ना?

झाले असतील, तुम्ही कॅशमधला आकडा बघताय. ८.० मध्ये इन्फर्मेशन_स्कीमा_स्टॅट्स_एक्स्पायरीची मूळ किंमत ८६,४०० सेकंद आहे, पूर्ण एक दिवस. आपल्या सेशनपुरती ती ० करा आणि पुन्हा बघा. त्याहून बरं म्हणजे थेट मायएसक्यूएल.इनोडीबी_टेबल_स्टॅट्स उघडा: लास्ट_अपडेट आणि एन_रोज तिथे मिळतात. कुठल्या इंडेक्समध्ये वेगळ्या किमती किती, ते शेजारच्या इनोडीबी_इंडेक्स_स्टॅट्समध्ये.

सुमारे १० टक्क्यांहून जास्त ओळी बदलल्या की इनोडीबी (मायएसक्यूएलचं टेबल साठवणारं इंजिन) स्वतः फेरमोजणी करतं, पण मागच्या बाजूला, काही सेकंदांनी. डिलीट संपल्या क्षणी बघून उपयोग नाही. आकडा खऱ्या काउंटशी तंतोतंत जुळणारही नाही, कारण दर इंडेक्समागे मुळात २० पानंच वाचली जातात. विस्कळीत डेटाच्या मोठ्या टेबलाला स्टॅट्स_सॅम्पल_पेजेस वाढवून १०० किंवा २०० द्या.

हिस्टोग्राम वापरत असाल तर ते वेगळं प्रकरण. ८.० मध्ये ते आपोआप ताजं होत नाही. अपडेट हिस्टोग्राम तुम्हालाच द्यावं लागतं. तारीख कॉलम_स्टॅटिस्टिक्समधल्या जेसनमध्ये 'लास्ट-अपडेटेड' म्हणून असते, तीही यूटीसीमध्ये, म्हणून वेळ जुळत नाही असं वाटतं. एक इशारा: ८.०.२४ च्या आधीच्या आवृत्तीत लांबलचक क्वेरी चालू असताना ॲनालाइझ टेबल दिलं, तर त्याच टेबलवरच्या नव्या क्वेरी ती संपेपर्यंत ताटकळू शकतात.

प्रश्न: पोस्टग्रेसची आवृत्ती वाढवल्यावर पहिल्या दिवशी सगळंच मंदावतं. स्टॅट्स सोबत येत नाहीत का?

पीजी_अपग्रेड १८ व्या आवृत्तीपासून ऑप्टिमायझरचे स्टॅट्स सोबत नेतं, एक्स्टेंडेड स्टॅटिस्टिक्स (क्रिएट स्टॅटिस्टिक्सने बनवलेले) सोडून. त्याआधीच्या आवृत्तीवर जाताना पीजी_स्टॅट्स कोरा असतो. व्हॅक्यूमडीबी ऑल आणि ॲनालाइझ-इन-स्टेजेस हे पर्याय देऊन चालवा: आधी अगदी छोट्या नमुन्याचे, मग वाढत्या नमुन्याचे स्टॅट्स तयार होतात. वापरकर्त्यांना दार उघडण्याआधी किमान पहिला टप्पा होऊ द्या.

प्रश्न: बॅचमध्ये टेम्प टेबल (त्या सेशनपुरतं तात्पुरतं टेबल) भरतो आणि लगेच त्यावर जॉइन करतो. स्टॅट्स आहेत की नाहीत हे जॉबमध्येच कसं तपासायचं?

पोस्टग्रेसचा ऑटोव्हॅक्यूम दुसऱ्या सेशनच्या टेम्प टेबलला हात लावू शकत नाही. साध्या टेबलांसाठीही तो मुळात मिनिटाला एकदाच उठतो, तोवर तुमचा जॉइन सुरू झालेला असतो. त्यामुळे भरणं झाल्यावर, जॉइनच्या आधी, ॲनालाइझ ही स्वतंत्र पायरी ठेवा. मग त्याच सेशनमधून पीजी_स्टॅट्समध्ये त्या टेबलच्या ओळी आहेत का बघा. एकही नसेल तर जॉब तिथेच थांबवा.

कायमच्या टेबलसाठी, जॉब सुरू झाल्याची वेळ जपून ठेवा आणि लास्ट_ॲनालाइझ त्यानंतरचं आहे का ते ताडा. ही तपासणी नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये करा: एका ट्रान्झॅक्शनमध्ये मोजदादीचा व्ह्यू एकदा वाचला की पुढे तोच आकडा परत येत राहू शकतो. ॲनालाइझ मोठ्या ट्रान्झॅक्शनच्या आत दिलं असेल तर नवे स्टॅट्स तुमच्या सेशनला दिसतात, इतरांना कमिटनंतरच, आणि रोलबॅक झालं तर स्टॅट्सही त्याच्याबरोबर जातात.